बहिणीच्या शिरेतून गेलेल्या प्रथिनाबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा कचेरीच्या फाटकाबाहेरील कडुनिंबाखाली, राहणार नागपूर.

जिच्या वतीने : माझी थोरली बहीण, विधवा, राहणार कळमेश्वर, हल्ली मुक्काम मुलीच्या घरी, नागपूर. रोग : डाव्या स्तनाचा कर्करोग, काखेपर्यंत पोचलेला.

गैरअर्जदार : एक, रुग्णालयातील तरुण डॉक्टर, जो चालता चालता उत्तरे देतो. दोन, माझी सख्खी भाची, मिहानमध्ये कॉम्प्युटरवर नोकरी करणारी, जिला मी खांद्यावर बसवून मारबतीची मिरवणूक दाखवली. तीन, औषध तयार करणारी कंपनी, जिचे तोंड मी अद्याप पाहिलेले नाही.

साक्षीदार : शेजारच्या खुर्चीवर सलाईन लावून बसणारी रामटेककडची एक बाई.

कालावधी : आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तेव्हापासून ऊन तापेपर्यंत.

नावे लिहीत नाही. नाव लिहिले तर त्या नावाचे आणखी पुष्कळ आहेत म्हणून माणूस सुटतो. वागणूक लिहिली तर ज्याची त्याला बरोबर लागते.

मी दहावी नापास आहे. हे मीच आधी सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणास ते सांगण्याचे सुख लाभू नये. परंतु या शहरातील कित्येक पदवीधरांच्या तक्रारी, वारसांचे अर्ज आणि नोकरीतील अन्यायाच्या कैफियती माझ्या हातून गेल्या आहेत, आणि माझ्या मजकुरातील एक शब्द इकडचा तिकडे करण्याची हिंमत आजवर कोणा बाबूने केलेली नाही. माझ्या धंद्याचा नियम एकच : जे तोंडी सांगितले ते सांगितलेच नाही. उत्तर हवे तर लेखी, आणि अर्ज दिला तर त्याच्या प्रतीवर पोच. या नियमावर मी संसार केला, आणि याच नियमामुळे माझ्या घरच्यांनी मला वैरी ठरवले.

आमच्या वडिलांच्या घरी मटण शिजत असे. मी स्वतः आजही रविवारी सावजीच्या रश्शाशिवाय ताटावरून उठत नाही. परंतु बहिणीने सासरी गेल्यावर महानुभाव पंथाचा उपदेश घेतला, आणि त्यानंतर जिवाची हत्या करून आलेले काही तिच्या चुलीवर चढले नाही. मुलीच्या वाढदिवसाचा केक अंड्याचा की बिनअंड्याचा, हे ती दुकानदारास विचारी, आणि दुकानदार हसला तर केक न घेता परत येई. राखीला माझ्याकडे येताना स्वतःचे ताट-पेला पिशवीत घालून आणी. मला कमीपणा वाटू नये म्हणून म्हणे, "माह्या ताटात मले गोड लागते." असा नेम जिने तरुण वयात, सुखाच्या दिवसांत पाळला, तिने तो म्हातारपणी, दुखण्यात सोडावा, अशी अपेक्षा रुग्णालयातील प्रत्येक शिकलेला माणूस करीत होता. कोणी ती तोंडावर बोलून दाखवी, कोणी नुसती मान हलवून.

सुरुवात आहार सांगणाऱ्या मुलीने केली. कर्करोगाची औषधे चालू असताना शरीराला प्रथिने पुरेशी लागतात, हे तिचे म्हणणे बरोबर असेल. पण ती दर वेळी अंड्यावरच येई.

"आजी, पिवळं टाकून द्या, नुसतं पांढरं खा. पांढऱ्यात जीव नसतो."

"मंग जीव कुठी असते, टरफलात काय?" बहीण म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवर रामटेककडची ती बाई सलाईनचा हात जपून हसली. "त्या बाईचं अंडं मले द्या वं पोरी. तिखट टाकून खाऊन घेतो."

मुलगी चिडली. डाळ, पनीर, सोयाबीन असे काही तरी फाईलमध्ये खरडून पुढच्या खुर्चीकडे गेली. मी त्याच वेळी जाणले की या इमारतीत माझ्या बहिणीच्या नेमाकडे दुखण्याचाच एक प्रकार म्हणून पाहिले जाते.

पुढे औषध बदलले. बदललेल्या औषधाचे थेंब सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तोच बहिणीचे तोंड लाल झाले, कंबर ताठ झाली आणि तिला श्वास घेता येईना. नर्सने धावत येऊन नळी बंद केली, तोंडाला ऑक्सिजन लावला. मी दाराशी उभा होतो. भाची ओरडत होती, आणि तो तरुण डॉक्टर कोणावर तरी मोबाइलमधून ओरडत होता. सगळे शांत झाल्यावर त्याने सांगितले की हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या एका द्रवात विरघळवतात, आणि बहिणीच्या शरीराने त्या द्रवालाच नाकारले.

"लहानपनी मायनं वाटीभर एरंडेल पाजलं, तई काही झालं नोतं," बहीण ऑक्सिजनची नळी बाजूला सारून म्हणाली. ती त्याही वेळी थट्टा करीत होती, हे मी नमूद करतो, कारण पुढे तिला अडाणी आणि हट्टी म्हटले गेले.

विभागाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दुसरे औषध लिहिले. औषध तेच, पण तेलकट द्रवाशिवाय. प्रथिनाच्या अतिसूक्ष्म कणांना बांधलेले. नॅनो. हा शब्द मी तोवर फक्त युरियाच्या बाटलीवर वाचला होता. भाचीला तो माहीत होता, सबब तिला काही विचारायचे नव्हते. मला विचारायचे होते. मी त्या तरुण डॉक्टरास लिफ्टसमोर गाठले.

"डॉक्टरसाहेब, या नव्या औषधात काय आहे?"

"वही दवा है अंकल. बस प्रोटीन में लपेटी हुई."

"कोणते प्रोटीन?"

"अल्ब्युमिन."

"म्हणजे काय?"

त्याने मोबाइलमधून मान वर काढली. माझ्याकडे पाहिले, माझ्या खिशातील पेनाकडे पाहिले, आणि माझ्या लायकीचे वाटेल असे उत्तर शोधले. "अंडे का सफेद हिस्सा होता है ना अंकल? वो अल्ब्युमिन होता है. टेन्शन मत लो."

लिफ्ट आली आणि तो गेला. मी टेन्शन घेतले नाही. मी ते वाक्य लिहून घेतले.

बहिणीने विचारले नसते तर मी सांगितले नसते. परंतु ती बाकावर बसून वाटच पाहत होती. "काय म्हने गा तो डॉक्टर?" मी आयुष्यभर लोकांचे अर्धे खरे आणि अर्धे खोटे कागदावर नीट बसवले, ते माझे पोट आहे, पण माझी बहीण समोर बसून विचारत असेल तर मी तिच्याशी खोटे बोलत नाही. सांगितले.

ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडे, सुया टोचून काळ्या पडलेल्या शिरेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हनजे तोंडानं खाल्लं नाही म्हनून आता शिरेतून घालून राहिले?"

तिची शंका वेडगळ होती असे म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की ज्या जागी बाईला दर भेटीत अंडे खा, अंडे खा म्हणून दटावले जाते, त्या जागी तिने दुसरे काय समजावे? तिने पिशवी उचलली. "चाल घरी," म्हणाली. नर्स हाका मारीत मागे आली. बहीण थांबली नाही.

त्या संध्याकाळी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये भाचीने माझ्यावर जे तोंड सोडले, त्याची शब्दशः नोंद माझ्याजवळ आहे. येथे निवडक देतो.

"मामाजी, तुम्हाले कोनी सांगतलं होतं तिला सांगायला?"

"तिने विचारले."

"तर 'माहीत नाही' म्हणायचं होतं न!"

"मला माहीत होते."

"तुम्हाला सगळंच माहीत असते! दहावीत गणितात उडाले अन् इथं कॅन्सरचं औषध शिकवून राहिले डॉक्टरले!" राग आला की तिचे शुद्ध बोलणे सुटते आणि कळमेश्वर बाहेर येते. "त्या गाठीले काय तुमच्या पोचपावतीची वाट पाहायची आहे काय? ती वाढून राहिली तिथं!"

"नेम तिचा आहे. मोडायचा की नाही, तिने ठरवावे. तिच्या नकळत मोडण्याचा अधिकार तुला नाही."

"अच्छा! अन् ती रोज गिळते त्या कॅप्सूलचं कवच कशापासून बनते, माहीत आहे? जनावराच्या हाडा-कातड्यापासून! जा, तेबी सांगा!"

बहीण आतल्या खोलीत होती, दार नुसते लोटलेले होते. मी म्हणालो, "हळू बोल."

"आता हळू? काहून, आता काहून हळू?"

मी उत्तर दिले नाही. कवचाबद्दल मला कोणी विचारलेले नव्हते. तिने मात्र त्या गप्प बसण्याचा स्वतःच्या सोयीचा अर्थ काढला आणि मला जिना दाखवला. "यानंतर हॉस्पिटलात तुम्ही यायचं नाही," हे तिचे शेवटचे वाक्य. मी जिना उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेलो.

अर्ज मी सकाळीच तयार केला होता. विषय : नियोजित औषधातील प्रथिनाचे मूळ काय याबाबत खुलासा मिळणे. मजकूर असा, की सदर प्रथिन कोंबडीच्या अंड्यापासून काढलेले आहे किंवा कसे. असल्यास, ते घेणे रुग्णाच्या धर्माचरणास बाधक असल्याने पर्याय काय. नसल्यास, ते कोणत्या जिवापासून काढले आहे. खिडकीवरील माणसाने तो उलटसुलट करून पाहिला.

"असी पोच-बिच नाही भेटत काका इथं. ठेवून जा."

"शिक्का मारल्याशिवाय मी हलणार नाही."

"मागं लाइन पाहून राहिले न?"

"पाहून राहिलो. त्यांनाही सांगा की शिक्का तुमच्या हाताशी आहे."

मागच्या लोकांनी मलाच शिव्या दिल्या. एकाने विचारले, घरी बायकोकडूनपण पोच घेता काय बावाजी. शिक्का शेवटी मिळाला. उत्तर मिळाले नाही. बहिणीची ठरलेली तारीख गेली. भाची रोज फोन करी आणि मी उचलला की काही न बोलता ठेवून देई. मी जिवंत आहे आणि अजून लाजलेलो नाही, एवढीच ती खात्री करून घेत असावी. मलाही झोप लागत नव्हती, परंतु ते मी कोणास लिहून दिलेले नाही.

अखेर मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावले. बहिणीला घेऊन भाची आधीच आली होती. दोघी वॉर्डात बसल्या होत्या. बाई मला दारातच भेटल्या. हातात माझा अर्ज.

"हा तुमचा?"

"माझाच."

"'सदर प्रथिन कोंबडीचे आहे किंवा कसे.' एवढ्यासाठी पेशंटची तारीख गेली? माझ्याकडे येऊन विचारलं असतं तर एका मिनिटात सांगितलं असतं."

"आपल्या दारापर्यंत यायला टोकन लागते, बाई. अर्जाला लागत नाही."

"मी आता सांगते. अंडं नाही. कोंबडी नाही."

"लेखी द्यावे."

त्यांनी माझा अर्ज घडी करून माझ्याच हातात ठेवला. "नाही देणार. औषध तुम्हाला द्यायचं नाही. जिला द्यायचंय तिला सांगते."

इतक्या वर्षांत पुष्कळ साहेबांनी माझे अर्ज फेटाळले. असा, मला वळसा घालून, कोणी निकालात काढला नव्हता. बाई बहिणीच्या खुर्चीजवळ स्टूल ओढून बसल्या. मी मागे उभा राहिलो, भाचीने माझ्याकडे पाठ केली.

"मावशी, त्या डॉक्टरानं तुम्हाला समजेल म्हणून अंड्याचं उदाहरण दिलं. चूक केली. अंड्यात असतं ते वेगळं. या औषधात आहे ते माणसाच्या रक्तातलं प्रथिन. तुमच्या रक्तातही आहे. रक्तात ते ओझी वाहायचं काम करतं. गाठीला वाढायला प्रथिन लागतं, ती ते आत ओढते, आणि त्याला बांधलेलं औषधही आत जातं, असा हा विचार आहे."

म्हणजे शत्रूच्या घरी त्याच्या आवडत्या जिनसेच्या पिशवीतून विष पाठवायचे. कल्पना मला पटली. माझ्या धंद्यातही कडू मजकूर गोड मायन्याखालीच जातो. परंतु बहिणीचे लक्ष तेथे नव्हते.

"मानसाचं?" ती म्हणाली. "कोन्या मानसाचं?"

"एकाचं नसतं. बऱ्याच जणांचं एकत्र करून, शुद्ध करून घेतात. कसलाही रोग येऊ नये म्हणून..."

"ते नाही इचारून राहिली मी. ज्यानं देल्लं तो मानूस देऊन घरी गेला काय? जित्ता?"

"हो. रक्त देऊन माणूस घरीच जातो, मावशी."

"मनानं देल्लं, का पोटासाठी?"

बाईंनी गळ्यातील ओळखपत्राची दोरी नीट केली. "ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

त्या इमारतीत ऐकलेले ते पहिले सरळ उत्तर, आणि मला त्याचा राग आला, कारण त्याच्यावर प्रतिप्रश्न करता येत नव्हता.

बहिणीने बाही वर केली. "जीव नाही गेला न कोनाचा? मंग लावा."

शेजारून रामटेककडची बाई मोठ्याने म्हणाली, "आँ! या बाईले कोंबडी नाही चालत, मानूस चालते!"

सगळा वॉर्ड हसला. भाचीही हसली, आणि माझे लक्ष गेले तशी थांबली. बहीण हसली नाही. "कोंबडी मनानं देत नाही न वं," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "अन् तू लिव. हे कोनाचं होय, त्याईनं मनानं देल्लं काय, ते इचार."

"आई, आता कायले?" भाची म्हणाली. "औषध लावून राहिले न?"

"काहून? कोनाचं मीठ खाल्लं तरी मानूस इचारते, कोन्या घरचं होय. हे तं रक्त होय. मी उत्तरासाठी थांबत नाही. पन इचार गा तू."

नर्सने कुपीतल्या पांढऱ्या भुकटीवर सलाईनचे पाणी काचेच्या कडेने हळूहळू सोडले, आणि फेस होऊ नये म्हणून कुपी जोरात न हलवता फक्त फिरवत राहिली. पिशवीत जे उतरले ते पातळ दुधासारखे दिसत होते. सुरू होण्याआधी बहिणीने त्या पिशवीला हात जोडून दंडवत केला. त्यानंतर एका रुग्णाजवळ एकच नातेवाईक या नियमावर बोट ठेवून भाचीने मला बाहेर काढले. नियम बरोबर होता. मी काचेच्या दारातून पाहिले. तोंड लाल झाले नाही, श्वास अडला नाही.

कंपनीस मी अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. उत्तर आले, इंग्रजीत, भाचीच्या पत्त्यावर. भाचीने ते मला वाचून दाखवले. आपण आमच्या औषधावर दाखवलेल्या विश्वासाबद्दल धन्यवाद. अधिक माहितीसाठी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. डॉक्टरांशी मी बोललेलो होतो. पुन्हा लिहिले. पुन्हा धन्यवाद आले.

औषध चालू आहे. गाठ थोडी आटली असे बाई म्हणतात, पुढचे त्या बोलत नाहीत. बहिणीच्या बोटांना मुंग्या येतात. पोळपाटावर लाटणे धरले तरी धरल्यासारखे वाटत नाही, असे सांगते. मी भेटायला गेलो की पहिला प्रश्न तोच असतो, "आलं काय गा?" मी नाही म्हणतो. ती म्हणते, "मंग कोनाले दंडवत घालू मी? पिशवीलेच घालत राहू काय?"

मागील आठवड्यात भाची माझ्या टेबलाशी आली. कचेरीच्या दारात, चारचौघांत, कडुनिंबाखाली. मला वाटले, चूक कबूल करायला आली असेल.

"मामाजी, एक काम करा. सांगून द्या तिला, उत्तर आलं म्हणून. मनानं दिलं, सगळ्यांनी राजीखुशीनं दिलं, असं लिहिलं आहे म्हणा. तुम्ही वाचून दाखवलं तर ती मानते. माझं नाही मानत."

"आलेले नाही."

"मले माहीत आहे नाही आलं! येणार पन नाही! कोन देईल मामाजी याचं उत्तर?" तिचे डोळे भरले होते. मी अशिलाच्या बाकाकडे बोट केले, ती बसली नाही. "तिच्या जिवाले थोडं बरं वाटलं तर तुमचं काय जाते?"

माझे काय जाते, हे तिला मी सांगितले नाही. बहीण मला विचारते, कारण मी खोटे सांगत नाही. तेवढ्यासाठीच विचारते. ते गेले तर तिच्या खुर्चीशेजारी उभे राहण्याचे माझ्याजवळ दुसरे कारण नाही, आणि आता तर मला आत उभे राहूही देत नाहीत. भाची माझ्या धंद्याला, माझ्या शिक्षणाला आणि माझ्या स्वभावाला एक-एक शिवी देऊन गेली. बाजूच्या टायपिस्टने मान खाली घालून ऐकले नसल्याचे नाटक केले.

सबब हा अर्ज. तरुण डॉक्टराकडून मला माफी नको. त्याने पुढच्या रुग्णापाशी दोन मिनिटे उभे राहून बोलावे. भाचीविरुद्धची तक्रार मी मागे घेत नाही, परंतु तिचा निर्णय आजच व्हावा अशी घाईही नाही. घाई गैरअर्जदार क्रमांक तीनबाबत आहे. माझ्या बहिणीच्या शिरेतून जे प्रथिन गेले आणि अजून जात आहे, ते ज्यांच्या रक्तातून काढले, त्यांनी ते आपल्या मनाने दिले किंवा कसे, याचा खुलासा मराठीत, जबाबदार माणसाच्या सहीनिशी, आणि ती ऐकू शकते आहे तोवर मिळावा. उत्तर "आम्हाला माहीत नाही" असे असेल तर तेही लिहून द्यावे. मी ते तिला जसेच्या तसे वाचून दाखवीन. धन्यवादाचे पत्र मात्र पुन्हा पाठवू नये.